साहेबाची दांडी

भातकापणी झाली की महाडला रिकाम्या खाचरात क्रिकेट सुरू व्हायचं. कशेडी घाटाच्या रस्त्याच्या कामावर गोरा इंजिनिअर येईपर्यंत गावातला पहिल्या नंबरचा खेळाडू मीच होतो. हा विलायतेत विद्यापीठाकडून खेळलेला. तिथली विटकी टोपी घालून यायचा आणि प्रत्येक चेंडूआधी एखादं ढेकूळ बॅटीने ठोकून बसवायचा.

एका रविवारी मी त्याची मधली दांडी उडवली. पंच होते कचेरीतले हेडक्लार्क. ते घाबरून ओरडले, "नो-बॉल!"

"नाय, रावसाहेब. आउट हाय," रस्त्यावरच्या गड्यांकडून उचललेल्या बोलीत साहेब म्हणाला आणि बॅट काखेत मारून चालता झाला.

पोलादपूरपर्यंत बोलबाला झाला. घरी बायको म्हणाली, "साहेब किती प्रामाणिक हो!"

चेंडू कोणी टाकला होता, हे तिनेही विचारलं नाही.