टाचणी किंचित उजवीकडे

नारळाच्या पानांवरच्या अळ्या मी कामासाठी डब्यात पाळते. काही अळ्यांतून पतंगाऐवजी माशी निघते. ती अळीला आतून खाऊनच वाढलेली असते. माशी कोणत्या जातीची, हे तिच्या पाठीवरच्या राठ केसांवरून ठरतं. म्हणून मेलेल्या माशीला टाचणी मधोमध टोचायची नाही, किंचित उजवीकडे टोचायची. उजवीकडचे केस मोडतात, ते मोडणारच. डावी बाजू शाबूत असली की माशी ओळखता येते.

यंदा वडिलांची उजवी बाजू लकव्याने गेली. थळच्या घरी माणसं भेटायला येतात, दाराच्या बाजूने वाकून बघतात आणि त्यांच्यादेखत मला म्हणतात, "वळखू येत न्हाय आता." खाटेवर निजलेल्या वडिलांची उजवी बाजू दाराकडे येते. मला चीड येते. डावीकडे बसून बघा की. पेज गार असली तर वडील अजूनही डाव्या हाताने वाटी ढकलतात, कपाळाला तीच आठी घालून.

परवा मी खाट फिरवली. काल काका आले, दारातच थबकले. मग मला काही न विचारता सरळ त्यांनाच म्हणाले, "जेवलास काय?"