मूल्यशिक्षणात नापास

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी मूल्यशिक्षणात नापास झाले. केमिस्ट्रीत वर्गात पहिली होते, त्यामुळे हे सांगितलं की लोक हसतात. सुरुवातीला मीही हसायचे.

वसईच्या आमच्या कॉलेजात आपल्या विषयांखेरीज दर सत्राला दोन-तीन सक्तीचे पेपर असत. त्या सत्रात ‘पर्यावरण आणि मूल्ये’ होता. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, सगळे एकाच हॉलमध्ये कोंबलेले. शिकवायला तासिकेवर नेमलेले एक सर. त्यांचा मूळ विषय अकाउंट्स. ते वहीतून वाचून दाखवायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. पाण्याचा जपून वापर करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, पूर्णविराम. पूर्णविरामसुद्धा तेच सांगायचे. या तासाच्या हजेरीसाठी मी तीनदा प्रॅक्टिकल अर्धं टाकून धावत गेले आहे.

मग प्रकल्पाचा विषय मिळाला, ‘माझ्या परिसरातील पाणी’, आणि मी खूश झाले. आम्ही विरारला, फुलपाड्यात राहतो. आमच्या इमारतीच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. आई कुकरच्या सात-आठ शिट्ट्या करते आणि तरी डाळ घोटत बसते. हे असं का होतं ते मला मोजून बघता येणार होतं.

प्रकल्प जोडीने करायचा होता. माझ्या जोडीला वर्गातलीच मैत्रीण होती, वसईच्या समुद्राकडच्या एका गावातली. त्यांची केळीची आणि भाजीची वाडी. एका रविवारी मी रिकाम्या बाटल्या घेऊन तिच्याकडे गेले. तिचे वडील नुकतेच चर्चमधून परतले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. घरात ते आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र धड्यातल्यासारखं मराठी.

विहिरीत पोहरा सोडता सोडता म्हणाले, “लहानपणी आम्ही हेच पाणी प्यायचो. आता केळीलाही चालत नाही. पानांच्या कडा करपतात, ह्या बघ.”

“खारं झालंय का?”

“ते तूच सांग. तू शिकतेस ना?”

प्रयोगशाळेच्या सहायक काकांनी मला प्रॅक्टिकल संपल्यावर तासभर थांबू दिलं. पिवळं द्रावण विटकरी होईपर्यंत थेंब थेंब सोडायचे, आकडा लिहायचा, पुन्हा करायचं. आमच्या बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, त्यांच्या दोन्ही विहिरी. समुद्राकडच्या विहिरीत मीठ इतकं निघालं की मी ती चाचणी चार वेळा केली. कॉलेजात त्या वर्षी एवढं मन लावून मी दुसरं काही केलं नाही.

सगळं आठ पानांत बसलं. आकडे, आलेख, आणि शेवटी दोन परिच्छेद.

देण्याच्या आदल्या दिवशी मैत्रीण म्हणाली, “माझं नाव काढ. मी फाईल घेतलीय.”

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रकल्पाच्या तयार फाइली मिळायच्या. वर धबधब्याचं रंगीत चित्र, आत तीस पानं. ती हाताने उतरवायची आणि नाव घालायचं.

“अगं, पाणी तुमच्या विहिरीचं आहे,” मी म्हणाले.

“म्हणून काय झालं? सरांना असलीच फाईल लागते. मला रिस्क नकोय.”

मी तिचं नाव काढलं.

तोंडी परीक्षेत सरांनी माझे कागद पुढून मागे आणि मागून पुढे केले. “प्रस्तावना कुठे आहे? पाण्याचे महत्त्व? कृतज्ञता?”

“सर, हे सगळं मी स्वतः तपासलंय. ह्या विहिरीत समुद्राचं पाणी शिरलंय.”

“ते तुमच्या केमिस्ट्रीत दाखवा. इथे मूल्यं शिकायची आहेत. आणि हाताने लिहायचं सांगितलं होतं. हे टाईप केलेलं आहे, म्हणजे कॉपी.”

“कुणाची कॉपी, सर?”

त्यांनी वर पाहिलं. थकलेले दिसत होते. त्या दिवशी शंभरावर पोरांची तोंडी त्यांना एकट्याला उरकायची होती. “मला हा विषय हौसेने दिलेला नाही,” ते म्हणाले, “तुम्हीही उगाच त्रास वाढवू नका.” वीसपैकी चार दिले. पास व्हायला आठ लागत. मैत्रिणीला सतरा मिळाले.

त्यांच्या थकव्याची मला तेव्हा कीव आली नाही. आजही येत नाही. चुकीचं शिकवणारा माणूस मी समजू शकते, पण त्यांनी आलेखाचं पान उलटं धरलं होतं आणि तसंच पुढे सरकवलं.

त्या आठ पानांची एक प्रत मैत्रिणीच्या वडिलांना दिली होती. त्यांनी ओटीवर बसून सावकाश सगळी वाचली. “म्हणजे ही विहीर गेली,” एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी तिकडची केळी काढून टाकली, असं ऐकलं. मी पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही. मैत्रिणीशी बोलणं परीक्षेच्या वेळापत्रकापुरतं उरलं.

केटी, म्हणजे राहिलेला विषय, सोडवायला वर्षभर थांबावं लागलं, कारण त्या सत्राची परीक्षा वर्षातून एकदाच होई. तिसऱ्या वर्षाला मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. धबधब्याची फाईल संपली होती, त्याने हरणांची दिली. तीस पानं हाताने उतरवून काढली. तेच सर होते. त्यांनी वजन केल्यासारखी फाईल हातात धरली, उघडलीही नाही, आणि अठरा दिले. “आता कसं नीट केलंत,” म्हणाले. मी थँक यू म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या थँक यूची.

तरी एवढ्यावर संपलं नाही. कॉलेजने ते अठरा गुण विद्यापीठाला वेळेत कळवलेच नाहीत. तिसऱ्या वर्षाचा माझा निकाल राखून ठेवला गेला. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर एम.एस्सी.च्या पहिल्या यादीत माझं नाव होतं. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि परत केले.

“सगळ्या सत्रांची गुणपत्रिका लागेल.”

“एकाच पेपरमुळे अडकलंय, मॅडम. मूल्यशिक्षणाच्या.”

“कुठलाही असू दे. परवापर्यंत आणा.”

आई दुसऱ्या दिवशी रजा काढून माझ्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात आली. क्लार्क म्हणाला, पत्र पाठवलंय, वाट बघा. आई त्याच्या टेबलाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, “पोरीची चूक काय ते एकदा सांगा, मग आम्ही वाट बघतो.” त्याने पंख्याचा वेग वाढवला आणि दुसऱ्या मुलाचा अर्ज हातात घेतला. गुणपत्रिका आली तेव्हा एम.एस्सी.ची पहिली सहामाही उलटून गेली होती. मैत्रीण त्या वर्गात होती.

पुढच्या वर्षी मी अर्ज केला नाही. करायला हवा होता, असं सगळे म्हणतात. तोवर वडिलांची तब्येत बिघडली होती आणि मी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागले होते. अजून तिथेच आहे. मधूनमधून कंपन्यांच्या लॅबमध्ये मुलाखतीला जाते. तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षं का लागली, हे तिथे हमखास विचारतात. पहिल्या दोन ठिकाणी मी खरं सांगून पाहिलं. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, एकाने विचारलं, “म्हणजे कॉपीची केस होती का?”

आता मी आजारी होते असं सांगते. ते लगेच पटतं.