वेस्ट इंडियन, होपी आणि सहावी ओळ

आमच्या शारजातल्या बिल्डिंगमध्ये मुलांचे प्रोजेक्ट मुलं करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेलाही माहीत आहे, पण शाळा तसं दाखवत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा असा ज्वालामुखी केला होता की त्यांच्या मुलाला तो शाळेत चालूच करता आला नाही, आणि बाईंना ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर सूचना द्याव्या लागल्या. त्यामुळे अकरावीतली माझी मुलगी सोशिऑलॉजीचा विषय घेऊन घरी आली तेव्हा मी बाह्या सरसावल्या, यात माझा एकटीचा दोष नव्हता.

वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तिच्या चिठ्ठीत निघालं: वेस्ट इंडियन आणि होपी या दोन समाजांच्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीची तुलना.

"ही कुठली जोडी?" मी म्हटलं. "पुणेकर आणि चिंचवडकर दिलं असतं तर मी तासभर नुसती बोलले असते."

"आई, नोबडी आस्क्ड यू टु टॉक," ती म्हणाली.

नवऱ्याने वेस्ट इंडीजची बाजू आपली म्हणून जाहीर करून टाकली. त्याचं सगळं ज्ञान क्रिकेटचं निघालं. कुठल्या बेटावरून कसले गोलंदाज आले ते त्याला सांगता यायचं, पण ते लोक घरी काय जेवतात, हे विचारल्यावर तो फोन चार्जिंगला लावायला उठला. होपी हे नाव मात्र आमच्या दोघांच्याही कानावरून कधी गेलं नव्हतं. मुलीनेच सांगितलं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं कोरडं राज्य आहे, तिथे उंच, माथ्यावर सपाट असलेल्या डोंगरांवर त्यांची जुनी गावं आहेत. पाटाचं पाणी न देता ते खोल बी पेरून मका पिकवतात. हे ऐकून मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे रस्त्याच्या मधल्या चार पेटुनियाच्या रोपांनासुद्धा नळी जोडलेली असते.

मुलीने दोन उभे रकाने आणि दहा आडव्या ओळींचा तक्ता केला. डावीकडे वेस्ट इंडियन, उजवीकडे होपी. आता, मी जबल अली बंदरात डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. कंटेनरमध्ये जे आहे तेच कागदावर आहे ना, हे बघणं हे माझं बारा वर्षांचं काम. तक्ता दिसला की माझा हात शिवशिवतो. पण मुलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि मला फक्त ऐकायची परवानगी दिली.

पहिल्या चार ओळी हवा, इतिहास, शेती, रोजगार अशा होत्या आणि मी जांभया देत ऐकल्या. पाचवी ओळ घराची होती. होपींमध्ये घर बाईचं असतं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. मी तिला ते पुन्हा, जरा मोठ्याने वाचायला लावलं.

"घरजावई," नवरा म्हणाला. "सगळा गावच घरजावई?"

"आपल्याकडे काय वेगळं आहे?" मी विचारलं.

"आपल्या फ्लॅटचा करार माझ्या नावावर आहे."

"ऑन पेपर, बाबा," मुलगी मान वर न करता म्हणाली.

पुढे तिने वाचलं की होपी मुलांना शिस्त लावायचं काम बाप करत नाही, आईचा भाऊ करतो. त्यावर तिनेच म्हटलं, "लाइक मामा." आम्ही तिघंही हसलो. चिंचवडला माझा भाऊ तिला रोज संध्याकाळी पाढे म्हणायला बसवायचा आणि अठ्ठावीस नव्वे चुकली की टीव्हीची वायर काढून खिशात ठेवायचा. हसता हसताच मी चहा ठेवायला उठले.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मुलगी चार वर्षांची असताना मी तिला चिंचवडला माझ्या आईकडे ठेवून इथे आले. नवरा वर्षभर आधी आला होता. आम्ही शारजात एका फ्लॅटमधल्या एका खोलीत राहायचो, बाकीच्या दोन खोल्यांत दोन कुटुंबं, स्वयंपाकघराच्या वेळा ठरलेल्या. ज्याच्या नावावर फ्लॅट होता त्याने लहान मूल चालणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एका वर्षात स्वतंत्र घर घेऊ, तिला आणू, असं ठरलं. 'इन्शाल्ला' हा शब्द मी तेव्हाच शिकले. त्या एका वर्षाची चार झाली. ती आठ वर्षांची झाल्यावर आमच्याकडे आली, आणि त्या चार वर्षांबद्दल आमच्या घरात कोणी कधी काही बोललं नाही. मला मात्र रोज एकच गोष्ट जाणून घ्यायची असायची: तिच्या मनात त्याचा राग आहे का. आठ वर्षांत मी हे तिला एकदाही विचारलं नाही. जबल अलीत मी कस्टम्सच्या माणसांशी भांडते, पण हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी ती बॅडमिंटनला गेली आणि लॅपटॉप टेबलावर उघडा राहिला. मी फक्त स्पेलिंग बघणार होते.

सहावी ओळ मुलांची होती. वेस्ट इंडियन रकान्यात तिने लिहिलं होतं: बरेच आईवडील कामासाठी इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेला जातात. मुलं आजीकडे वाढतात. परदेशातून मोठाली पिंपं येतात, त्यांत कपडे, बूट, डबाबंद खाणं. मुलांकडे वस्तू असतात, आई नसते. होपी रकान्यात होतं: मूल आईच्या घरी, आईच्या माणसांत जन्मतं आणि त्यांचंच राहतं.

मी ते तीनदा वाचलं. पिंप म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे त्याला कार्टन म्हणतात. समुद्रमार्गे जातं, पोचायला दीड महिना लागतो. मी ते तीन-तीन महिने भरायचे. दूध पावडर, साबण, बदाम, रंगपेटी, फ्रॉक, आणि कोपऱ्यांतल्या मोकळ्या जागेत चॉकलेटं. बूट नेहमी लहान पडायचे, कारण मी बघून आले होते तो पाय वेगळा आणि कार्टन पोचेपर्यंत वाढलेला पाय वेगळा. शेवटी माझी आई वर्तमानपत्रावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तो कागद पाठवायची. मी तो दुकानात घेऊन जायचे आणि दोन नंबर मोठे बूट मागायचे. दुकानातला पठाण म्हणायचा, "हबीबी, पहले बच्चा लाओ." मी त्या दुकानात जायचंच बंद केलं.

एवढं करून शेवटी काय, तर आई नसते. मला संताप आला. आणि मी ती ओळ दुरुस्त केली.

वेस्ट इंडियन रकान्यात मी लिहिलं की मुलांना उत्तम कपडे, उत्तम बूट, उत्तम शिक्षण मिळतं, आजी अतिशय प्रेमळ असते आणि मातांचा त्याग शब्दांत सांगता येणार नाही. तरी तो मी चार वाक्यांत सांगितला. होपी रकान्यात मूळचं वाक्य ठेवलं, पण पुढे जोडलं की सर्व घरांत नळाचं पाणी नाही, नोकऱ्या कमी आहेत, आणि तिथलीही माणसं कामासाठी शहरात जातातच. माहिती सगळी तिच्याच आधीच्या ओळींतून उचलली होती, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. होपींनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं, हेही खरं. सोमवारी तिने प्रोजेक्ट पुन्हा न वाचता पाठवून दिला, कारण तिला त्याच्या दहाही ओळी पाठ होत्या.

गुरुवारी मी सव्वा तास ट्रॅफिकमध्ये बसून घरी आले तर ती टेबलाशी लॅपटॉप उघडून वाट बघत होती. मॅडमनी मार्क रोखून ठेवले होते. शेरा असा होता: नऊ ओळी चांगल्या आहेत. सहाव्या ओळीत दुसरंच कोणीतरी बोलतं आहे. या व्यक्तीला होपी लोकांचा इतका राग का आहे? ओळ पुन्हा लिहून पाठव.

"आई, डिड यू टच रो सिक्स?"

"मी? ते आपोआप बदलतं हल्ली. ऑटोकरेक्ट."

"ऑटोकरेक्ट रोट 'मातांचा त्याग'?"

नवरा आतल्या खोलीत आंघोळीला निघून गेला. त्याची आंघोळ सकाळीच झाली होती.

मग माझा आवाज चढला. मी म्हटलं, तू आमच्याबद्दल लिहिलंस. ती म्हणाली, मी वेस्ट इंडियन लोकांबद्दल लिहिलं. मी म्हटलं, मला कळतं कोणाबद्दल आहे ते, आई नसते म्हणे, आणि ती कार्टनं कोण भरत होतं, कार्टन आलं की आजी त्याला हळदकुंकू लावायची, शेजारपाजारची मुलं जमायची, तुझे फोटो आहेत माझ्याकडे. शेवटी आठ वर्षं न विचारलेलं मी विचारून टाकलं, तेही भांडणाच्याच सुरात.

"तुला राग आहे का माझा?"

माझी मुलगी एरवी इंग्रजीत उत्तरं देते. पण आठव्या वर्षापर्यंत ती चिंचवडला वाढलीय आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आहे. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती तिकडे वळते.

"फोटोत माझं तोंड कसं आहे ते बघितलंस का कधी?" ती म्हणाली. "तुम्हाला सुट्टी मिळाली की तुम्ही बॅगा घेऊन यायचात, तेव्हा कार्टन नसायचं. सुट्टी नाही मिळाली की कार्टन यायचं. दोनदा झाल्यावर मला कळलं. आजी हळदकुंकू आणायला आत गेली की मी समजायचे, या दिवाळीला आई येत नाही."

मी खाली बसले. मला वाटायचं, बूट लहान पडले म्हणून फुगलीय. ते फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवले होते. कुठल्या पेटीत काय आहे हे तपासण्याचा पगार घेणारी बाई मी, आणि माझ्या स्वतःच्या कार्टनमधून काय जात होतं, ते मला कधीच दिसलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तिने मला रडू दिलं. पाणी आणून दिलं. मग लॅपटॉपकडे वळून म्हणाली, "ही ओळ उद्यापर्यंत द्यायचीय. तुझं सगळं मी काढलं. होपींना नळाचं पाणी नाही, तेही काढलं, ते आधीच वर आहे. पण मॅडमच्या शेऱ्यात एक पॉइंट आहे. माझ्या ओळीत मुलं आहेत, आजी आहे. जाणाऱ्या आईचं म्हणणं नाहीच. ते सांग. का गेलीस?"

उत्तर माझ्या तोंडावर तयार होतं. तुझ्यासाठी. बारा वर्षं मी ते नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, विमानातल्या अनोळखी बायकांनाही दिलेलं आहे. ती बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली होती. पण या वेळी मी ते दिलं नाही. समोर ती होती, आणि ते खरं नव्हतं. निदान पूर्ण खरं नव्हतं. नवऱ्याच्या पगारात चिंचवडचं घर चालत होतं. मी तिथे राहू शकले असते.

"मला यायचं होतं," मी म्हटलं. "इंटरव्ह्यूत माझी निवड झाली होती. बाबाच्या ओळखीने नाही, माझी. मला ती नोकरी हवी होती. वाटलं होतं एक वर्ष. मग काम आवडायला लागलं. तुझी आठवण यायची तेव्हाही आवडायचं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. आतल्या खोलीतला नळ बंद झाला होता, म्हणजे नवऱ्यानेही ऐकलं. आता ही उठून जाईल असं मला वाटलं. ती उठली नाही. तिने खांदे सैल सोडले आणि माझ्याकडे बघितलं.

"हे बरं आहे," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, आई तुझ्यासाठी गेलीय. आजीसुद्धा. मला वाटायचं, मी नसते तर तुला जावं लागलं नसतं."

आणि ती टाइप करायला लागली. जाणाऱ्या आयांपैकी काहींना जायचं होतं, असं तिने लिहिलं. मी शेजारी बसून बघत होते, आणि त्या ओळीतलं एक अक्षरही मी बदललं नाही.