अनेझोचे दात आणि याकुमिसचा शंख

अनेझोनं पवनचक्की विकली, आणि तीही एका परदेशी दंतवैद्याला, ही बातमी बेकरीवाल्या मोस्खूलानं सकाळी गरम पावांबरोबर भट्टीतून बाहेर काढली. बंदरापर्यंत पोचेस्तोवर त्या दंतवैद्याला दोन बायका झाल्या होत्या.

खरी गोष्ट अशी, की दंतवैद्याकडे अनेझो गेली होती ती कवळी बसवायला. आणि चक्की विकत कुणीच घेत नव्हतं. तिच्या नवऱ्याचा भाचा झानिस ती फुकट मागत होता. वर पाहुण्यांसाठी खोली काढायची, खाली न्हाणीघर.

"मामी, फोटोपलीकडे तिचा उपयोग काय सांग? दळण येतं का कुणाचं?"

रागाच्या भरात अनेझो बोलून बसली, "मरियामातेच्या सणापर्यंत एकही दळण आलं नाही, तर किल्ली तुझी."

बोलली खरी, पण गावात जाऊन 'दळण आणा गं बायांनो' म्हणणार कशी? इथं चक्कीवाल्यानं दळण मागायचं नसतं. वारा लागला की दारातला शंख फुंकायचा आणि वाट बघायची. तिचा नवरा याकुमिस असा फुंकायचा की बंदरावरची गाढवं त्याला ओ द्यायची. तो गेल्यापासून शंख खुंटीवर. अनेझोनं कवळी घालून फुंकून पाहिला. शंख गप्प राहिला आणि कवळी पिठाच्या पेटीत जाऊन पडली. कवळी काढून फुंकला, तर नुसतंच फुस्स!

बाकी तिची तयारी चोख. दर वसंतात शिडं धुऊन, टाके घालून दांड्यांवर गुंडाळायची, दगडांना टाकी लावायची. चक्की मात्र फिरू द्यायची नाही. दळणाशिवाय फिरवली तर दगड दगडाला खातो. येईल त्या पाहुण्याला आत घेऊन सगळं दाखवायची, बदामाची वडी हातावर ठेवायची, आणि तो गेला की त्या गप्प दगडावर हात फिरवत बसायची.

सणाच्या आदल्या दिवशी चक्की बघायला ओड्वार नावाचा नॉर्वेचा एक धिप्पाड पाहुणा आला. हा तिकडं आपल्या गावच्या बँडमध्ये तुतारी वाजवणारा. अनेझो पाणी आणायला वळली, तेवढ्यात त्यानं खुंटीवरचा शंख काढला आणि गाल फुगवून दिला ठोकून.

"ठेव मेल्या खाली!" अनेझो किंचाळली.

शंख वाजला आणि चक्की नाही फिरली, म्हणजे याकुमिसच्या नावाला बट्टाच की! ओड्वारला वाटलं, बाई खूष झाल्या. त्यानं आणखी लांब फुंकला.

अनेझो उंबऱ्यावर डोकं धरून बसली. जरा वेळानं पायवाटेवर खडखड ऐकू आली. पुढं गाढव, गाढवावर जवाचं पोतं, मागं म्हातारा नोमिकोस.

"याकुमिस उठून बसला की काय म्हटलं, बघून यावं," धापा टाकत तो म्हणाला. "आणि चक्कीवर रिकाम्या हातानं कसं यायचं?"

त्याच्या मागून डोक्यावर दळणाचं गाठोडं घेऊन मोस्खूला. "अगं बाई, एवढे भक्कम दात बसवले का त्या दंतवैद्यानं?"

"तूच ना गं भवाने, गावभर सांगून मला त्याला विकलीस?"

"चक्की विकली म्हटलं. तुला कोण घेतंय!"

अनेझोला हसावं की रडावं कळेना. तिनं पदर खोचावा तसा एप्रन कमरेला खोचला. ओड्वारला दांडा धरायला लावून शिडांसकट फिरणारं छप्पर वाऱ्याकडं वळवलं, शिडं सोडली, नोमिकोसचे जव वरच्या पेटीत ओतले आणि चाक अडवून धरणारा दोर सैल केला. आधी लाकूड कण्हलं. मग दगड गुरगुरला, आणि धारेनं पीठ खाली आलं, ऊन-ऊन. तिनं ते ओंजळीत घेतलं आणि नाकाशी नेलं. मग वाऱ्याचे उपकार मानले, नोमिकोसचे मानले, गाढवाचे मानले. मोस्खूलाचेही मानले, जरा हात राखून. शेवटी ओड्वारचे दोन्ही गाल पिठाच्या हातांनी धरले आणि त्यांचा एकेक मुका घेतला. तो लाजून पांढऱ्याचा लाल झाला.

इतक्यात झानिस धावत वर आला.

"मामी, हे धरायचं नाही! शंख तू फुंकलाच नाहीस, या पाहुण्यानं फुंकला!"

अनेझोनं त्याच्या हातात चाळण दिली.

"माझे दात देवानं नेले, म्हणून त्यानं याचे गाल धाडले. देवानं दिलेलं मी परत करत नसते. चाळ आता मुकाट्यानं, आणि उद्या आईला सांग, दळण घेऊन ये."