भाऊजींच्या बेवारस फायली

मागे जाण्याची कला माझ्या धाकट्या दिरांइतकी अख्ख्या सुरतेत कुणाला साधलेली नाही; लिंबायतच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की रिक्षा उलटी पळवणाऱ्यांनाही नाही. ते बिचारे नाइलाजानं मागे जातात, भाऊजी हौसेनं जातात. साडीची बॉर्डर बिघडो, वरण बिघडो, नाहीतर संसार बिघडो, त्यांचा उपाय ठरलेला: "घाबरू नका वहिनी, मागच्या आवृत्तीवर जाऊ." पुढे काय करायचं, हे मात्र त्यांना विचारू नये. तो विषय त्यांनी घेतलेला नाही.

माझा साड्यांच्या डिझाइनचा धंदा आहे. लिंबायतला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि मला धरून पाच माणसं. आम्ही पल्लू, बॉर्डर, बुट्टे काढतो; मार्केटातले शेठ ते पसंत करतात; आणि छापायला जायच्या दिवशी फोन करून सांगतात की आधीचंच बरं होतं. भाऊजी एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचे. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली (कॉलेजनं फार आग्रह केला, असं माझी जाऊ म्हणते) आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे फायलींचा नुसता उकिरडा आहे." खोटं नव्हतं. आमच्याकडे 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल शेठ ओके' आणि 'खरी फायनल हात लावू नये' अशा नावांच्या फायली होत्या, आणि छापायला दरवेळी भलतीच जायची. भाऊजींनी आवृत्त्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. फाइल तयार झाली की ती त्याच्या हवाली करायची आणि काय बदललं ते एका ओळीत लिहायचं, म्हणजे तिची नोंद झाली. मग कधीही सांगा, त्या दिवशी फोल्डर जसं होतं तसं पुन्हा समोर उभं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काही जात नाही: पहिल्या महिन्यात त्या सॉफ्टवेअरनं आम्हाला दोनदा वाचवलं. वाईट एवढंच झालं की त्यामुळे भाऊजींचा स्वतःवरचा विश्वास वाढला. तो आधीही कमी नव्हता.

नोंदींचं हे खूळ मग घरी गेलं. फ्रिजच्या दारावर वही लटकली. "मिठाचा डबा डावीकडे हलवला. कारण: उजवीकडे ओल येते." "उशी बदलली. कारण: मान." एकदा केस कापायला गेले आणि न्हाव्याला म्हणाले, मार्चमधल्यासारखे करा. तो बिचारा कात्री हातात धरून नम्रपणे म्हणाला, "साहेब, मार्चमां तो वाळ हता." म्हणजे, तेव्हा केस होते. जावेशी भांडण झालं तेव्हा तर मी समोर होते. दोन दिवस ती बोलत नव्हती. भाऊजी तिला शांतपणे म्हणाले, "आपण रविवारच्या आवृत्तीवर जाऊ. रविवारी तू बोलत होतीस." जाऊ भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा तुम्ही. मी इथंच बसते." मला तेव्हा नुसतं हसू आलं, पुढे कळलं की ती बाई सॉफ्टवेअरच्या नियमाला धरून बोलली होती. ते मागे जातं तेव्हा ज्यांची नोंद आहे तेवढ्याच फायली मागे नेतं. ज्यांची नोंद नाही त्यांना ते हातही लावत नाही. त्या बसल्या जागी बसून राहतात. म्हणजे हौसेनं जुन्या काळात जावं, तर आजची बायको तिथंही भाजी निवडत बसलेली.

अशा नोंद नसलेल्या फायलींची यादी ते सॉफ्टवेअर रोज दाखवतं. त्यात रागलोभ काही नसतो. या मला दिसतात पण ओळखत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. भाऊजींनी त्यांचं बारसं केलं: बेवारस. सकाळी आल्या आल्या चपला काढायच्या आधी ते ही यादी शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्यानं वाचत. "आज बेवारस सहा! कुणाच्या आहेत?" ज्याच्या असतील त्यानं हात वर करायचा. माझ्याकडची पन्नाशीची माणसंसुद्धा हात वर करत. मीसुद्धा एकदा केला.

आता कुणी म्हणेल, नोंद करून टाकायची, त्यात काय एवढं? त्यात भाऊजी होते. नोंद पूर्ण वाक्यात हवी, क्रियापद शेवटी हवं, कारण स्वतंत्र हवं, आणि भाषा शुद्ध हवी. हा माणूस धुळ्याच्या मावशीशी फोनवर तासभर अहिराणीत बोलतो, पण नोंद म्हटली की त्याच्या अंगात व्याकरणाचं पुस्तक संचारतं. आमची संगीता आठ वर्षं माझ्याकडे मॅचिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या फुलांना वेगवेगळे रंग लावून बघते. तिनं एकदा लिहिलं, "पान वाकडं व्हतं, शिधं कयं." भाऊजींनी ते परत पाठवलं. "व्हतं नव्हे, होतं. कयं हे कोणत्या भाषेतलं क्रियापद? कोणतं पान? किती वाकडं?" असं तीनदा झालं. चौथ्यांदा संगीतानं नोंद करायचंच सोडलं. मला म्हणाली, "ताई, पान काढाले एक तास लागस आनि त्याचा निबंध लिव्हाले दोन. तुम्हीच सांगा, मी पगार कशाचा घेते?" तिच्याजवळ पूर्वी एक पेन ड्राइव्ह असायचा, त्यात ती आपलं काम उतरवून ठेवायची. भाऊजींनी सगळ्यांचे पेन ड्राइव्ह गोळा करून श्रीखंडाच्या डब्यात घातले आणि डबा कपाटात कुलूपबंद केला. "पेन ड्राइव्ह म्हणजे माझ्यावर अविश्वास," म्हणाले. मी तेव्हाच मध्ये पडायला हवं होतं. पडले नाही, कारण आठ वर्षांत पहिल्यांदा छापायला बरोबर फाइल जात होती. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

या वर्षी मी संगीताला पहिल्यांदा स्वतःचा सेट दिला: बॉर्डर, पल्लू, बुट्टा, सगळं तिचं. शेठला पसंत पडला तर ती डिझायनर, मॅचिंगला मी दुसरं कुणी बघेन, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तिनं केळफूल घेतलं. गुलाब, कमळ, कैरी सगळ्यांनी काढून झालंय. साडीवर केळफूल मी पाहिलं नव्हतं. पण तिच्या माहेरी जळगावकडे बांधाबांधाला केळी, तिला दुसरं फूल सुचणार कुठून? अठरा दिवस ती बाई पेन-टॅब्लेटवर वाकून बसली होती. मी जाता येता एकदोनदा पाहिलं, तेही घाईत, चष्म्याशिवाय. बरं चाललंय, म्हटलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला, दुसऱ्याच एका साडीबद्दल. "बेन, आ नवुं रेवा दो. पेली दिवाळीवाळी बॉर्डरज पाछी आपो." दिवाळीच्या वेळची बॉर्डर परत हवी! भाऊजींनी हात चोळले. असा फोन आला की त्यांचा चेहरा वऱ्हाड दारात आल्यासारखा होतो. संगीता रंगाची ट्रायल बघायला भेस्तानच्या छपाईवाल्याकडे गेली होती. तिचा कॉम्प्युटर मोकळा दिसला म्हणून भाऊजी तिथंच बसले आणि त्यांनी सॉफ्टवेअरला हुकूम सोडला: दिवाळीतल्या आवृत्तीवर चल.

सॉफ्टवेअर चाललं नाही. त्यानं स्पष्ट लिहिलं की जुन्या आवृत्तीत 'बॉर्डर नवी' नावाची एक फाइल आहे, आणि त्याच नावाची, नोंद नसलेली दुसरी एक फाइल आत्ता त्या जागेवर बसली आहे. मागे गेलो तर ती पुसली जाईल. आधी तिचं काय करायचं ते ठरवा. घोळ नावाचा होता. सुरतेत प्रत्येक बॉर्डर नवीच असते. दिवाळीतली 'बॉर्डर नवी' भाऊजींनीच नंतर साफसफाईत काढून टाकली होती, आणि संगीतानं मोकळं झालेलं तेच नाव आपल्या केळफुलाला दिलं होतं. यंत्रानं इतकं समजुतीनं सांगितल्यावर कुणीही विचारलं असतं, ही फाइल कुणाची? भाऊजींना अपमान वाटला. "बेवारस असून मला अडवते!" मी पलीकडच्या खोलीत होते, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद नसलेल्या सगळ्या फायली एका झटक्यात झाडून काढायची सोय आहे. काय काय जाणार याची यादी आधी मागता येते, आणि ती मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे आम्हाला भाऊजींनीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं. शिवाय ती आज्ञा सरळ दिली तर यंत्र ऐकत नाही; 'जबरदस्ती' असं वेगळं लिहावं लागतं. भाऊजींनी यादी मागितली नाही. जबरदस्ती लिहिलं. अशा फायली कॉम्प्युटरच्या कचरापेटीतही जात नाहीत, थेट जातात. मग सॉफ्टवेअर मुकाट्यानं दिवाळीत गेलं, शेठची बॉर्डर दहा मिनिटांत रवाना झाली, आणि भाऊजींनी स्वतःसाठी कडक चहा मागवला.

संगीता दुपारी आली. पाणी प्यायली, बसली, फोल्डर उघडलं. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. एरवी ती माझ्याशी बोलताना निदान अर्धी मराठी सांभाळून बोलते, तेव्हा नाही बोलली. "ताई, मन्हं केयफूल कथा गयं?"

केळफूल कुठं गेलं ते तोवर भाऊजींना कळलं होतं. माणूस सरळ चुकलो म्हणेल की नाही? हे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "संगीताबाई, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर अशी फाइल कधी अस्तित्वातच नव्हती. तिची नोंद नाही."

संगीता रडली वगैरे नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता तसं तिनं विचारलं, "मंग अठरा दिवस मी काय करत व्हते, भाऊ?"

भाऊजींचे ओठ हलले. मागच्या आवृत्तीवर जाऊ, हे वाक्य सवयीनं ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. ते तिथंच थांबलं, कारण जायला मागे काही नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, बेवारस म्हणजे जिचं कुणी नाही ती. हिची मालकीण तुमच्या समोर उभी आहे." मग मी डिस्क काढून कतारगामच्या एका रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. त्यानं दोन दिवसांनी ज्या फायली परत दिल्या त्यांत नुसते करडे पट्टे होते. शेठला मी फोन करून मुदत मागितली. "आठ दिवस. आठ एटले आठ, बेन," म्हणाले. नवव्या दिवशी ते दुसऱ्याकडून सेट घेणार होते, आणि संगीता पुन्हा दुसऱ्यांची फुलं रंगवायला बसणार होती.

आमच्या घरातले पुरुष माफी मागत नाहीत, खायला आणतात. भाऊजी लोचा करून बसले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसाठी गरम लोचो, हा इथला डाळीचा वाफवलेला नाश्ता, घेऊन आले. सुरतेत राहून मराठी माणसाला याहून नेमका पदार्थ सापडणार नाही. त्यांच्या मात्र ते लक्षातही आलं नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि संगीताच्या शेजारी बसले. आठ दिवस बसले. ती काढायची, दर अर्ध्या तासानं ते विचारायचे, "काय बदललं?" ती मान वर न करता सांगायची आणि ते जसंच्या तसं उतरवायचे. त्या नोंदी मी वाचल्या आहेत. "पाकयी जाडी व्हयनी व्हती, बारीक कयी." "देठ वाकाडाच ऱ्हाऊ दिधा. शिधा चांगला नही दिखस." "रंग जमना नही. सकाय पाहू." एकदा 'व्हयनी'वर त्यांचं बोट सवयीनं थांबलं. संगीतानं नुसतं वळून पाहिलं. बोट पुढे गेलं.

आठव्या दिवशी सेट शेठपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आ कोनी डिझाइन छे?" मी म्हटलं, संगीताबेनची. सेट पास झाला. संगीता आता डिझायनर आहे, मॅचिंगला दुसरी बाई बसते, आणि पेन ड्राइव्ह मी ज्याचे त्याला देऊन टाकले. धंद्याच्या हिशेबानं गोष्ट इथं मिटली.

महिन्याभरानं छापलेली पहिली साडी आली तेव्हा आम्ही ती टेबलावर पसरली. सगळ्यांनी वाखाणली. संगीतानं बॉर्डरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं शे. पयलं जास्त चांगलं व्हतं." मी म्हटलं, हरवलेलं नेहमी चांगलंच वाटतं, घडी घाल. भाऊजी मात्र जवळ आले आणि दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कसं होतं?"

ती बोट उचलून हवेत काढू लागली: बाहेरचं जांभळं पान असं सुटलेलं, त्याच्याखाली बारक्या फुलांची ओळ, आणि टोक इकडे, जरासं झुकलेलं. बोट खाली आलं. भाऊजी चष्मा कपाळावर सरकवून त्या मोकळ्या जागेकडे पाहत होते. मावशीशी बोलतात त्या भाषेत ते म्हणाले, "आखो एक डाव दखाड ना, बहीण."

संगीतानं बोट पुन्हा उचललं. या वेळी टोक दुसरीकडे झुकलं.