अण्णांच्या नावाचं फोल्डर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आयुष्यभर हसलो. पन्नाशी उलटली, जळकोटच्या शिवारात कुत्री सोडून कशालाच भ्यालो नाही. त्यामुळं हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं तसं सांगतो.

घरात फोन पाच, अन् फोटो कुणाचे कुठं. ठरवलं, जुन्या कॉम्प्युटरचाच घरगुती फाइल सर्व्हर करायचा – सगळ्यांचं एका जागी, घरच्या वायफायवर कुणीही बघावं. सॉफ्टवेअर फुकट हवं अन् हलकंही हवं, कारण रॅम दोनच जीबी. पहिलं देखणं होतं, पण आठ जीबी मागत होतं. दुसऱ्यानं कॉम्प्युटर जागीच बसवला. शेवटी साधं लिनक्स, त्यावर फाइली वाटून देणारं सांबा. बायको म्हणाली, "फुकट अन् हलकं... मला बघायला आलतात, तवाबी हेच बघितलं व्हतं का?"

इन्स्टॉल करताना लिनक्सनं विचारलं, कुठली डिस्क पुसू? मी शहाण्यानं नेमकी फोटोंची निवडली.

तीत थोरल्या भावाचा, अण्णांचा, एक व्हिडिओ होता. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतपूजेच्या सणाला, शेतात आंबील शिंपत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' ओरडतानाचा. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता. सोलापूरला नेऊन डिस्क दाखवली, उपयोग झाला नाही. वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, समद्यांची फोल्डरं केलीत. ह्यांचं न्हाय केलं?"

सणावाराला आम्ही अण्णांचं ताट वाढतोच. तसंच त्यांच्या नावाचं फोल्डरही केलं, रिकामं. पासवर्ड घातला, कुणाला सांगितला नाही... खरं तर मीही विसरलो.

यंदा वेळ अमावस्येला घराला कुलूप लावून सगळे शेतात. पाचही फोन शेतात, घरापासून दोन मैलांवर. संध्याकाळी येऊन बघतो, तर अण्णांच्या फोल्डरमध्ये एक फाइल. तोच व्हिडिओ. सर्व्हरच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं – भर दुपारी 'अण्णा' या नावानं, बरोबर पासवर्ड देऊन कुणीतरी आत आलं होतं.

मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचत बसलो. वहिनींनी मात्र आवाज तीनदा ऐकला, डोळे पुसले. मग अगदी सहज म्हणाल्या, "शेजारचं भांडं ह्यांनी कधी रिकामं परत धाडलं व्हतं का? मूठभर साखर तरी घालायचेच की."

जाणकार म्हणतात, कुणाच्या तरी फोनमध्ये कॉपी असेल. असेल बाबा. पण मग ती कुलूपबंद घरात ठेवली कुणी? मी विसरलेला पासवर्ड आठवला कुणाला? डोकं चालत नाही.

आणि दुसरंच एक सतावतंय. फोल्डर आमच्याकडं भरून आलंय. रीतीप्रमाणं आता आम्हीही ते रिकामं धाडायचं नाही... पण त्यात काय घालावं, हे मला अजून सुचलेलं नाही.