बदीरनं तब्येत विचारली की

इजिप्तमधल्या आमच्या दमियात गावात फर्निचर न बनवणारा माणूस एक वेळ सापडेल, पण बदीरला न घाबरणारा म्हातारा कारागीर सापडायचा नाही. बदीर तसा गोड माणूस. पण त्यानं रस्त्यात थांबवून "उस्ता, तब्येत काय म्हणतेय?" असं मायेनं विचारलं, की भल्याभल्यांचा हात आपसूक नाडीवर जातो. माझ्याही घरी दोन जुने रंधे आहेत, म्हणून हे अनुभवाचे बोल.

बदीर खुर्च्यांच्या पाठींवर फुलं कोरतो. नवी पटाशी त्याला चालत नाही, म्हणे दोन फुलांत बोथट होते. पोलाद जुनंच हवं, तेही मातीमोलानं. कुणी कारागीर गेला की चाळिसाव्या दिवसाचे विधी उरकेपर्यंत हा धीर धरतो. मग खजूर घेऊन त्याच्या घरी जातो, डोळे पुसतो आणि निघताना "ही हत्यारं उगाच गंजतील हो, वहिनी" म्हणत अख्खी पिशवी उचलून आणतो.

इतकं जमवूनही एक पटाशी मात्र त्याच्याकडे नव्हती: करंगळीएवढी, टोकाशी चमच्यासारखी वाकलेली. गुलाबाच्या आतल्या पाकळ्या तिच्याशिवाय खोल उतरत नाहीत. एका व्यापाऱ्यानं त्याला लग्नासाठी दिवाणखान्याच्या खुर्च्यांचं मोठं काम देऊ केलं, पण बजावलंही, "गुलाब जमले तरच ये. कोबी मला मंडईत मिळतो." आणि तसली चांगली पटाशी गावात एकाकडेच उरली होती, उस्ता मुतवल्लीकडे. मुतवल्ली हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला, घरात एकटाच.

बदीर बायकोनं कांदा भरून रांधलेलं बदक घेऊन त्याच्याकडे पोचला.

"ये," मुतवल्ली खोकत म्हणाला. "अजून आहे मी. जरा लवकरच आलास."

"असं अभद्र बोलू नका, उस्ता. बदक आणलंय."

"मग बस. बदक संपेपर्यंत तरी जात नाही."

म्हातारा हाडं चोखत होता तेव्हा बदीरचे डोळे भिंतीवर होते. "गंजलीय बिचारी," असं म्हणत त्यानं ती वाकडी पटाशी खाली काढली. "धार लावून ठेवतो. तेवढीच सेवा." खरं तर त्याला पोलाद पारखायचं होतं. दगडावर तेल टाकून तो घासत बसला. जसजसा गंज उतरत गेला, तसतसं त्याच्या तोंडाला पाणी सुटत गेलं. शेवटी पातं चांदीसारखं चमकलं.

"उस्ता, ही नुसती पडूनच असते. मला देऊन टाका ना."

"बघू," म्हणत मुतवल्लीनं ती हातात घेतली आणि अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली. मग हळूच उठून बसला. "तो लाकडाचा तुकडा दे रे."

इथंच बदीर फसला. ताज्या भाकरीचा कोपरा मोडल्याशिवाय जसं कुणाला राहवत नाही, तसा ताज्या धारेपुढे कोरणाऱ्याचा हात गप्प बसत नाही. मुतवल्लीनं अंथरुणातच एक पाकळी कोरली. गोधडीभर ढलप्या झाल्या. पुढच्या आठवड्यात तर त्याच्या दारावरून जाताना मी मोगरीची ठकठक ऐकली आणि बातमी तडक कॉफीखान्यात पोचवली, की बदीर म्हाताऱ्याची पटाशी आणायला गेला आणि म्हाताराच उठवून आला.

बदीरनं पुन्हा विषय काढला. "उस्ता, विकता का?"

"विकू? आणि मी काय दातांनी कोरू?"

"माझं काम जाईल हो."

"खुर्च्या इकडे घेऊन ये. बाहेरच्या पाकळ्या तू कर. आतल्यांची वेळ आली की पटाशी तुझ्या हातात देईन. पण माझ्या डोळ्यांसमोर. आणि रिकाम्या हातानं यायचं नाही."

आता दोघं एकाच बाकावर बसतात, दिवसभर एकमेकांच्या चुका काढतात. व्यापाऱ्यानं गुलाब उलटसुलट करून पाहिले आणि काम दिलं.

"लोक हत्यार घरी आणतात," बदीरची बायको इन्शिराह शेजारणींना सांगते. "आमचे हे हत्याराच्या घरी राहायला गेले."

"पण फुकटात पडली की नाही?" बदीर ऐटीत विचारतो.

"हो तर. दर गुरुवारी म्हाताऱ्यासाठी बदक रांधते ती तुमची आत्या असेल."

परवा त्यानं मलाही थांबवलं. "काका, तब्येत काय म्हणतेय?"

"अगदी वाईट रे," मी म्हटलं. "बदक कधी आणतोस?"